‘मॅडम, ती आमच्याकडे बघते, पण ओळखत नाही’

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की झोपेची ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनाला यायला लागतात. शब्द थोडेफार बदलतात, चित्र तेच. मूल झोपल्यावर तास-दीड तासाने किंचाळून उठतं. डोळे सताड उघडे, अंग घामाने ओलं, छाती धडधडतेय. आईकडे बघतं पण तिला ओळखत नाही, जवळ घ्यायला गेलं तर ढकलून देतं. पाच-दहा मिनिटांनी काही झालंच नाही असं आडवं होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. मग पालक विचारतात, ‘हिला कशाची भीती बसलीय?’

ज्या घराबद्दल लिहिते आहे त्याचं नाव-गाव बदललंय, आणि आणखी एका घरातले बारकावे त्यात मिसळलेत. मुलीला मुक्ता म्हणू. वय सव्वासहा, नुकतीच पहिलीत गेलेली. पहिल्या भेटीला आई, बाबा, आजी असे तिघेही आले होते. तिघांचे डोळे तारवटलेले. मुक्ता मात्र टवटवीत, येताच खडूंचा डबा उघडून बसली.

महिनाभरात घराने काय काय केलं होतं ते ऐकलं. मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली होती, उशाखाली अंगारा ठेवला होता, कार्टून बंद केलं होतं. खोलीतला दिवा रात्रभर चालू ठेवत होते. आणि रोज सकाळी दूध पिताना तिला विचारत होते, ‘काल काय दिसलं गं तुला?’

पहिले पंधरा दिवस मुक्ता ‘काही नाही’ म्हणाली. मग एके दिवशी म्हणाली, ‘काळा माणूस.’ घर हादरलं.

मी तिला एकटीला विचारलं, ‘रात्री तुला कशाची भीती वाटते?’

चित्रातलं सूर्याचं तोंड रंगवता रंगवता ती म्हणाली, ‘मी झोपले की हे सगळे माझ्या पलंगाजवळ का उभे राहतात?’

काळा माणूस कुठून आला ते मला तिथेच कळलं. मोठी माणसं एकच प्रश्न रोज विचारत असतील, तर त्यांना हवं असलेलं उत्तर मूल कधीतरी देऊन टाकतं. पुढे त्या उत्तराची त्यालाच भीती वाटायला लागते. मुक्ता आता झोपायला जायलाच घाबरत होती. ही भीती मूळ त्रासाचा भाग नव्हती, ती घरात तयार झाली होती.

मूळ त्रास, म्हणजे ही रात्रीची किंकाळी (इंग्रजीत ‘नाइट टेरर’), काय असतो ते सांगते. झोप लागल्यावर पहिल्या तासाभरात मूल सगळ्यात गाढ झोपेत असतं. तिथून हलक्या झोपेत येताना काही मुलांची गडबड होते. विहिरीतून पोहरा वर येता येता काठाच्या दगडाला अडकावा, तशी. अंग जागं होतं, किंचाळतं, धावतंसुद्धा. पण जाणीव आणि आठवण झोपेतच राहते. १९६८ साली रॉजर ब्रॉटन या कॅनडातल्या संशोधकाने हेच मांडलं होतं की ही किंकाळी, झोपेत चालणं आणि अर्धवट उठून गोंधळणं हे स्वप्नांचे प्रकार नाहीत, जागं होण्यातला बिघाड आहे. आपल्याला दिसतो तो चेहरा भेदरलेला असतो; पण सकाळी आठवेल असं त्यामागे बहुधा काही नसतं.

भीतीचं स्वप्न वेगळं. ते बहुतेक पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं, आईला बिलगतं, काय दिसलं ते सांगतं आणि परत झोपायला तयार नसतं. म्हणून पालकांना मी ‘काय दिसलं’ विचारत नाही. ‘किती वाजले होते?’ हे विचारते.

मुक्ताच्या घरी किती वाजले होते हे कोणी बघितलंच नव्हतं. म्हणून पहिल्या भेटीत सल्ला असा दिलाच नाही, एक वही दिली. चौदा रात्रींची नोंद ठेवायची: झोप किती वाजता लागली, प्रकार किती वाजता सुरू झाला, किती मिनिटं चालला, दुपारी झोपली होती का, ताप-सर्दी होती का, घोरत होती का. शिवाय दोन-तीन रात्री मोबाइलवर चित्रीकरण, पांघरूण बाजूला सारून, चेहरा आणि हातपाय दिसतील असं.

वही घेऊन आले तेव्हा चौदापैकी सात रात्रींवर खूण होती. सातही वेळा पावणेबारा ते सव्वाबारा. मुक्ता झोपायची पावणेअकराला आणि व्हॅन सात वाजून दहा मिनिटांनी यायची म्हणून सव्वासहाला उठायची. (चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, पण सकाळी सातची व्हॅन पकडणारी मुलं मला अजून भेटतात.) म्हणजे जेमतेम साडेसात तास. सहा ते बारा वयात नऊ ते बारा तास लागतात, तीन ते पाच वयात दुपारची धरून दहा ते तेरा. मोठ्या शिशूत असेपर्यंत ती दुपारी दीड तास झोपायची. पहिलीत ते बंद झालं होतं. दोन रविवारी मामाकडे दुपारी झोपली, त्या दोन्ही रात्री शांत.

झोप अपुरी पडली की शरीर ती पहिल्या गाढ झोपेत भरून काढू बघतं. गाढ झोप आणखी गाढ होते आणि तिथून वर येणं आणखी अवघड. गणित इतकं सरळ होतं. तरी मला ते पुरेसं वाटेना. हे लोक समंजस होते, मग मूल पावणेअकरापर्यंत जागं का?

माझा कल आधीपासून मुलापेक्षा घराकडे बघण्याचा आहे. मुलाची झोप ही एकट्या मुलाची नसते. ती सगळ्या घराच्या वेळापत्रकातून आणि रागलोभातून ठरते. मी विचारलं, ‘झोपायची वेळ कोण ठरवतं?’

आई म्हणाली, ‘मी साडेआठला घरी येते. मग तिला थोडा वेळ द्यावाच लागतो ना. दिवसभर आई नसते म्हणूनच तर हे होतंय, असं सगळे...’ तिने वाक्य तोडलं. आजी खिडकीबाहेर बघत होत्या.

मी बाबांना विचारलं, ‘लहानपणी तुमची झोप कशी होती?’

‘माझी? एकदम छान.’

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, ‘छान कसली रे. दुसरीत होतास. रात्री उठून अंगणात जायचास. कडी काढायचास झोपेत. माझ्या पदराचं टोक तुझ्या मनगटाला बांधून झोपायचे मी, दोन वर्षं.’

‘आई, हे तू कधी सांगितलं नाहीस!’

‘सांगायचं काय त्यात? लोक नावं ठेवतात.’

सूनबाईंनी मान वर केली. ‘म्हणजे हे माझ्या नोकरीमुळे नाही?’

आजींनी वळून तिच्याकडे बघितलं. ‘नाही गं बाई. आमच्याकडचंच आहे.’

मी काहीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. पुढच्या पाच मिनिटांत सासू-सुनेत जे बोलणं झालं, ते माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा मोलाचं होतं.

आजींच्या ‘आमच्याकडचंच आहे’ला शास्त्राचा आधारही आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१५ साली आकडे प्रसिद्ध झाले. आईवडिलांपैकी कोणीच झोपेत चालत नसेल तर सुमारे २२ टक्के मुलं कधी ना कधी चालतात, एक जण चालत असेल तर ४७ टक्के, दोघंही चालत असतील तर ६१. रात्रीची किंकाळी आणि झोपेत चालणं ही सख्खी भावंडं आहेत. पिंड वारशाने येतो आणि जागरण, ताप, तुंबलेली लघवी, नवी जागा, मोठा आवाज त्याला निमित्त देतात.

अपराधीपणा गेला तसा वेळेचा प्रश्न सुटला. आईने कचेरीत बोलून आठवड्यातले तीन दिवस लवकर निघायची सोय केली. उरलेले दिवस आजी झोपवणार आणि सकाळची वीस मिनिटं आईची. झोपायची वेळ एकदम मागे आणली नाही. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं, असं करत तीन-साडेतीन आठवड्यांत पावणेनऊवर आलो. एकदम दोन तास आधी आडवं केलं तर मूल नुसतं तळमळतं आणि घर म्हणतं, ‘बघा, झोपच येत नाही तिला.’ जेवण साडेसातला. संध्याकाळचा चहा बंद. आजींचा अर्धा कप रोज तिच्या बशीत जायचा, हे वहीतूनच कळलं. झोपण्याआधी तासभर टीव्ही-मोबाइल नको, आणि अंथरुणावर जायच्या आधी लघवी. दृष्ट काढण्याशी माझं भांडण नव्हतं. फक्त ती साडेनऊला न काढता संध्याकाळी दिवेलागणीला काढा म्हटलं.

प्रकार घडत असताना काय करायचं, यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण चुका इथेच होतात. दिवा लावायचा नाही. गदागदा हलवून, तोंडावर पाणी मारून उठवायचं नाही. त्याने गोंधळ वाढतो, वेळ लांबते आणि मूल हातपाय झाडतं. मोठ्यांपैकी एकानेच जवळ बसायचं, बाकीच्यांनी आपापल्या जागी. घट्ट धरायचं नाही, फक्त पलंगाच्या कडेला, भिंतीला आपटणार नाही एवढं बघायचं. हळू आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा: ‘झोप हं, मी आहे.’ उठून चालायला लागली तर खांद्याला हलका हात लावून अंथरुणाकडे वळवायचं. आणि सकाळी विषय काढायचा नाही, तिच्यासमोर पाहुण्यांना सांगायचं तर मुळीच नाही.

घराची व्यवस्थाही लागते. गादी जमिनीवर, दुमजली पलंग नको. गॅलरीच्या दाराला मुलाचा हात पोचणार नाही अशी वरची कडी, किल्ली काढून ठेवलेली, खिडकीला जाळी. मुख्य दाराच्या कडीला आजींनी घुंगरांची जुडी बांधली. पदरापेक्षा बरी.

वेळ सुधारल्यावर सातचे दोन झाले, पण ते दोन जाईनात. मग ठरवून चाळवण्याचा उपाय केला. प्रकार होतो तेव्हा ठरावीक वेळीच होत असेल तरच तो चालतो. मुक्ता आता पावणेनऊला झोपत होती आणि प्रकार दहाच्या आसपास व्हायचा, म्हणून पावणेदहाच्या आत बाबांनी पाठीवरून हात फिरवायचा. ती कूस बदलेपर्यंत, ‘हं’ म्हणेपर्यंत; पूर्ण उठवायचं नाही. हे रोज, सलग तीन आठवडे. चौथ्या रात्री हात लावताच किंचाळली, बाबा घाबरून फोनवर. उशीर झाला होता, गाढ झोपेच्या ऐन टोकाला हात लागला होता. दहा मिनिटं अलीकडे आणलं, पुन्हा तसं झालं नाही.

बाकीच्या बऱ्याच गोष्टींवर एकेका वाक्यात उत्तर देता येतं. तान्हं बाळ झोपेत हसतं, ओठ मुडपतं, दचकतं. सटवाई हसवते म्हणा किंवा हलकी झोप म्हणा, काळजी नको. बरळणं निरुपद्रवी. दात खाणं म्हणजे जंत, हे पक्कं बसलेलं समीकरण खरं नाही. जंताची गोळी शाळेत-अंगणवाडीत मिळते ती जरूर द्यावी, पण दात खाणं थांबवायला नव्हे. दात झिजत असतील तर दंतवैद्य. झोपताना डोकं आपटणं, अंग झुलवणं बाळ सहा-नऊ महिन्यांचं असताना सुरू होतं आणि बहुतेकांचं पाच वर्षांपर्यंत सुटतं. ‘पाय चेपून दे, पायात काहीतरी होतंय’ असं मूल रोज रात्री म्हणत असेल तर शरीरातलं लोह कमी असू शकतं, रक्त तपासून घ्यावं.

आता काळजी कधी करायची ते. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, मध्ये श्वास अडकणं, मान मागे टाकून झोपणं: आधी बालरोगतज्ज्ञ, मग कान-नाक-घसा. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठींनी झोप सारखी मोडत असेल तर रात्रीचे हे प्रकारही वाढतात, आणि उपचार झाल्यावर कमी होतात. मुलाला इजा होत असेल, दिवसा पेंगत असेल, किंवा हे सगळं पहिल्यांदाच किशोरवयात सुरू झालं असेल तरी दाखवा. ताप असताना मूल सुस्त पडलं, हाकेला नीट ओ देत नसेल तर वही-बिही काही नाही, तडक दवाखाना. भीतीची स्वप्नं वारंवार पडत असतील आणि दिवसाही मूल एखाद्या माणसाला, जागेला टाळत असेल तर त्या टाळण्याकडे लक्ष द्या.

आणि झटके. हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण अशी एक चित्रफीत माझ्यापुढे आली होती. मुलगा सात वर्षांचा, तक्रार तीच, ‘रात्री घाबरून उठतो.’ चित्रफितीत चाळीस सेकंदांचा प्रकार. तोंड एका बाजूला ओढलेलं, लाळ, बोलायचंय पण शब्द फुटत नाही. दुसऱ्या रात्रीची फीत लावली तर हुबेहूब तेच. रात्रीची किंकाळी दर वेळी थोडी वेगळी असते, काही मिनिटं चालते, एका रात्री बहुधा एकदाच होते. एकाच साच्यातला, दोन मिनिटांपेक्षा छोटा, एका रात्री अनेकदा किंवा पहाटेकडे होणारा, अंग ताठ करणारा, जीभ चावली जाणारा प्रकार दिसला की समुपदेशन तिथेच थांबवायचं. मी त्यांना त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, फितीसकट. झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) काढून निदान झालं, औषध सुरू झालं. झोपेचं म्हणून सर्दीचं पातळ औषध किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या परस्पर देणारे पालक असाच महत्त्वाचा वेळ घालवतात.

मुक्ताची वही दिवाळीच्या सुमारास बंद केली. मे महिन्यात आजींचा फोन आला, लग्नाच्या कार्यालयातून.

‘मॅडम, काल रात्री परत झालं. हळदीच्या गडबडीत रात्री एक वाजता झोपली होती.’

‘किती वेळ?’

‘चार मिनिटं, घड्याळ बघितलं. सगळं वऱ्हाड उठून बसलं. एक जण पाणी घेऊन धावला, एक म्हणे बाहेरचं असेल. मी कोणाला हात लावू दिला नाही. आज दुपारी झोपवलीय दीड तास.’

‘आणि सकाळी काही विचारलंत?’

‘छे. पोहे खाल्लेत का, एवढंच विचारलं.’