क्लिक करतो म्हणजे एलॅटरिडीच का? आणि काजवा त्याचा नातलग कसा?

भुंगेऱ्यांच्या कुळांबद्दल आलेल्या या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. उताणा पडल्यावर टक् आवाज करून उडणारा भुंगेरा एलॅटरिडी कुळातलाच समजायचा का, मऊ अंगाचा काजवा त्याचा नातलग कसा, आणि जुन्या पुस्तकातलं ड्रिलिडी कुळ नव्या यादीतून कुठे गेलं. तिन्हींचा गोंधळ एकाच समजुतीतून होतो: क्लिक म्हणजे कुळाची खूण. प्रत्यक्षात युक्नेमिडी, ट्रॉसिडी आणि सेरोफायटिडी या कुळांतही क्लिक करणारे भुंगेरे आहेत, आणि उलट एलॅटरिडीतल्याच काही शाखांनी क्लिक गमावलेली आहे.

आधी यंत्रणा बघा. वक्षाच्या पहिल्या खंडाच्या खालच्या बाजूने मागे एक खुंटी निघते आणि दुसऱ्या खंडावरच्या खाचेत बसते. भुंगेरा पाठ कमानीसारखी वाकवतो तेव्हा खुंटी बाहेर येऊन खाचेच्या काठावर अडते. आतला मोठा स्नायू आकसत राहतो, ताण स्नायूत आणि कवचात साठतो, आणि खुंटी निसटली की सगळा ताण एका क्षणात मोकळा होतो. पायांचा काही संबंध नाही. युरोपातल्या अथूस हेमोरॉयडॅलिस या जातीवर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या मोजमापात सुमारे ४० मिलिग्रॅमचा भुंगेरा ३० सेंटिमीटरपर्यंत उडाला आणि त्वरण गुरुत्वाच्या सुमारे ३८० पट भरलं.

आता हातातला नमुना. पाठीकडून काढलेल्या फोटोवरून कुळ ठरवू नका. १० पटीचं भिंग घ्या आणि भुंगेरा उलटा करा. पहिलं, वरचा ओठ. एलॅटरिडीत तो सुटा आणि स्पष्ट दिसतो. युक्नेमिडीत बाहेरून दिसतच नाही आणि शृंगिकांची (डोक्यावरच्या मिशांची) मुळं एकमेकींच्या जवळ असतात. दुसरं, पोटाच्या खालच्या पाच पट्ट्या. एलॅटरिडीत पहिल्या चार जखडलेल्या आणि पाचवी हलणारी. युक्नेमिडीत पाचही जखडलेल्या. ट्रॉसिडी बहुतेक पाच मिलिमीटरच्या आतले, अनेकांच्या शृंगिकांना टोकाशी गदा असते. रंगावर भुलून ब्युप्रेस्टिडी, म्हणजे सोनकिडे, यांच्याशी गल्लत होते, पण त्यांचा पहिला वक्षखंड घट्ट जोडलेला असतो. बोटाने हलवून पाहिला की शंका मिटते. (मेलेला नमुना कडक झाला असेल तर आधी मऊ करा, नाहीतर मान तुटते.)

काजव्याचं प्रकरण जास्त रंजक आहे. भुंगेऱ्यांचे अभ्यासक क्राउसन यांनी १९५५ साली काजवे, लायसिडी, कँथारिडी वगैरे मऊ अंगाच्या कुळांचं स्वतंत्र अधिकुळ (कुळांचा गट) मानलं होतं. दुसरे अभ्यासक लॉरेन्स यांनी १९८८ मध्ये ते एलॅटरॉयडियात, म्हणजे एलॅटरिडी ज्यात येतं त्या अधिकुळात, विलीन केलं. पुढे डीएनएच्या अभ्यासांनी दाखवलं की मऊ अंग हा एका पूर्वजाकडून आलेला वारसा नाही, ते वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी आलं आहे. याचं कारण वाढीत आहे. या शाखांत कायापालट पूर्ण होत नाही. मादी कधी कधी प्रौढ होऊनही अळीसारखी, बिनपंखी राहते. नराचं कवच पातळ राहतं. पातळ कवचात ताण साठत नाही, म्हणून क्लिकही जाते. मग बाह्यरूपावर कुळं पाडणाऱ्याला हे सगळे एकमेकांचे सख्खे वाटणार, यात त्याचा दोष नाही.

ड्रिलिडी हे त्याचंच उदाहरण. मादी अळीसारखी, अळ्या गोगलगायी खाणाऱ्या, नर मऊ. कुंद्राता आणि बोत्साक या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की हे एलॅटरिडीच्याच अग्रिप्निनी उपकुळात बसतात. आता ते ड्रिलिनी नावाची टोळी, म्हणजे उपकुळाखालचा गट, आहे. ओमॅलिसिडीही अलीकडे एलॅटरिडीत ओमॅलिसिनी उपकुळ म्हणून गेलं. उलट दिशेचं उदाहरण सिनोपायरोफोरस. चीनच्या युनान प्रांतातला हा भुंगेरा क्लिक करतो आणि त्याच्या पोटावर प्रकाशाचा अवयव आहे. २०१९ मध्ये तो नोंदवला तेव्हा एलॅटरिडीतच धरला होता. २०२१च्या जनुकीय वंशवृक्षात तो काजवे आणि त्यांच्या सोबत्यांच्या शाखेच्या अगदी बुडाशी आला आणि त्याला सिनोपायरोफोरिडी हे स्वतंत्र कुळ म्हणून मान्यता मिळाली. माझ्या मते सगळ्या वादात हा एकच प्राणी सर्वात जास्त सांगून जातो.

प्रकाशावरून मात्र नातं जोडू नका. अमेरिका खंडातल्या पायरोफोरससारख्या एलॅटरिडींना पहिल्या वक्षखंडाच्या मागच्या कोपऱ्यांजवळ दोन आणि पोटाखाली एक दिवा असतो. लुसिफेरिन (प्रकाश देणारं द्रव्य) काजव्याचंच, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमच्या तुलनेत त्याच्यावर काम करून प्रकाश पाडणारं लुसिफेरेज विकर दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडल्याचं दिसलं.

अळीवरून ओळखायचं असेल तर शेतात मिळणाऱ्या पिवळट, कडक वायरवर्मचं (तारेसारख्या अळीचं) डोकं बघा. एलॅटरिडीच्या अळीला सुटा वरचा ओठ नसतो, त्या जागी दातेरी कडा असते. टेनेब्रिओनिडी या वेगळ्या कुळातल्या फसव्या वायरवर्मला ओठ असतो. मग शेवटचा खंड: एलॅटरिडीतल्या ॲग्रिओटीस या प्रजातीत टोकदार आणि बुडाशी दोन काळसर खळगे, तर अग्रिप्निनीच्या बऱ्याच अळ्यांत दुभंगलेला. कार्डिओफोरिनी या एलॅटरिडीच्या उपकुळातली अळी मऊ, लांब, दोऱ्यासारखी असते आणि तिला अनेकजण गांडूळवर्गातलं काहीतरी समजून फेकून देतात.

नमुना ठेवायचाच असेल तर डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉलमध्ये, थंड जागी ठेवा. कार्डावर लावताना पहिला वक्षखंड किंचित वर उचलून लावा, म्हणजे खुंटी आणि खाच दोन्ही दिसतात. सपाट चिकटवलेल्या नमुन्यात नेमकं तेच झाकलं जातं. जातीपर्यंत जायचं तर नराचं जननांग काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करावं लागतं. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काहीही उचलू नका. फोटोच टाकणार असाल तर चार लागतील: पाठ, पोट, समोरून डोकं, आणि पायाची नखं. नखांना विसरू नका. मेलॅनोटस या एलॅटरिडीतल्या प्रजातीची नखं कंगव्यासारखी दातेरी असतात आणि तेवढ्यावर अर्धं काम होतं.