कोण धुणार आहे?

प्रिय पोरी,

स्वतः विणून-शिवून द्यायच्या भेटींची तुझी यादी दोनदा वाचली. घरातली सतरा नावं, प्रत्येकासमोर एक वस्तू, आणि सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित केलेलं ‘शिवाय दानासाठी २५ टोप्या’. हातात दिवस चाळीस. मला हसू आलं, पण ते स्वतःचंच. तुझ्या वयाची असताना माझी यादी एकवीस नावांची होती. त्यातल्या चार वस्तू पुऱ्या झाल्या, आणि पाचवी अजून माळ्यावर आहे. एका बाहीची.

तेव्हा आधी हिशेब करू. तुझ्या क्रोशाच्या मफलरची ३० खांबांची, म्हणजे उंच टाक्यांची, एक ओळ घड्याळ लावून विण. नवख्या हाताला चार मिनिटं लागतात असं धरू. ओळीची उंची सव्वा सेंटिमीटर असेल, तर दीड मीटरच्या मफलरला १२० ओळी झाल्या. म्हणजे आठ तास. उसवाउसवी, गुंता आणि ‘मोजायला चुकले’ हे सगळं धरून दहा. आणि तुझ्या यादीत असे मफलर सहा आहेत! सतरातली पाच नावं ठेव. बाकीच्यांना खुशाल विकतचं काही दे. रात्री दोनला डोळे चोळत, चडफडत विणलेला मफलर गळ्याला टोचतो. खरंच टोचतो, कारण चिडलेला हात धागा घट्ट ओढतो आणि वीण दोरखंडासारखी होते.

पाच कोणती ते मी सांगणार नाही. पण निवडताना एक प्रश्न विचार: ही वस्तू कोण धुणार आहे?

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. धाकट्या बहिणीला बाळ होणार होतं, तेव्हा मी अस्सल लोकरीचं पांघरूण विणलं होतं. साडेतीन महिने खपले होते. कडेला शिंपल्यांची नक्षी, चारी कोपऱ्यांत फुलं. बाळ दोन महिन्यांचं असताना तिनं ते बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात मशीनला लावलं. बाहेर आलं ते पाटाएवढं, जाड आणि कडक. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. त्याचा नमदा, म्हणजे घट्ट जमलेल्या लोकरीचं जाड कापड, होतो. मी तिच्याशी महिनाभर धड बोलले नाही. तिला झोप मिळत नव्हती, दिवसाला दहा लंगोट निघत होते, आणि मी तिच्या हातात ‘हातानेच धुवायची, सावलीत आडवी पसरून वाळवायची’ अशी वस्तू दिली होती. वर ते सांगितलंही नव्हतं. चूक कुणाची, हे कळायला मला तो महिना लागला.

म्हणून लहान मुलांसाठी सुती धागा घे, किंवा मशीनमध्ये चालणारा ॲक्रिलिक. जाळीदार वीण दिसायला छान, पण बाळाची बोटं त्यात अडकतात. भरीव वीण घाल. खेळण्याला बटणाचे डोळे लावू नकोस, दोऱ्याने भरून काढ. बटण कितीही पक्कं लावलं तरी दात येणाऱ्या पोराच्या चिकाटीपुढे ते टिकेलच असं नाही. आणि पांघरूण देताना आईला स्पष्ट सांग, की हे मांडीवर घेताना किंवा जमिनीवर खेळताना वापर. पहिल्या वर्षात बाळ झोपलं असताना त्याच्याजवळ सुटं पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणं ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

ॲक्रिलिकचं नाव काढलं म्हणून लगेच सांगते. तुझ्या यादीत ‘गरम भांडी उचलायला हातरुमाल, गुलाबी ॲक्रिलिक’ असं आहे. ते आत्ताच खोड. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं आणि कातडीला चिकटतं. तिथे सूतच हवं, दुहेरी विणलेलं, आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर नको. जुन्या सुती टॉवेलचा तुकडा घाल.

आजीसाठी तू डोक्यातून घालायचा स्वेटर लिहिला आहेस. विणायच्या आधी एकदा तिच्यासमोर बस आणि ती रोजचा कपडा कसा घालते ते नुसतं बघ. हात खांद्याच्या वर जातो का? बटण लावताना बोटं कुठे अडखळतात? बहुतेक तुला पुढून उघडा, सैल बाह्यांचा आणि मोठ्या बटणांचा स्वेटर करावा लागेल. वजनाचाही विचार कर. दोन सुयांच्या विणकामापेक्षा क्रोशाला लोकर जास्त लागते, आणि जाड लोकरीचा क्रोशाचा स्वेटर म्हाताऱ्या खांद्यांना ओझं होतो. तो कौतुकाने घडी घालून कपाटात जातो. माझे असे दोन गेले आहेत.

आता टोपी. ही एकदा हातात बसली की बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टोपी वरून, म्हणजे टाळूपासून सुरू होते. पहिल्या फेरीत १२ खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एक सोडून एक टाक्यात दोन, ३६ झाले. चौथीत ४८. दर फेरीला बारा वाढले की चकती सपाट राहते. मुके खांब, म्हणजे बुटके टाके, घालत असशील तर सहापासून सुरुवात आणि दर फेरीला सहाच, कारण त्यांची उंची कमी. चकती टेबलावर ठेवून बघत जा. कडेला झालरीसारख्या लाटा येत असतील तर टाके जास्त झाले. वाटीसारखी आत वळत असेल तर कमी पडले. आकडे विसरलीस तरी चकती तुला खरं सांगते.

ही चकती वाढवायची किती, हे डोक्याच्या घेरावरून ठरतं. घेर ५६ सेंटिमीटर असेल तर टोपी चार सेंटिमीटरनी लहान हवी, म्हणजे ५२. वीण ताणली जाते, तेवढ्याच मापाची केलीस तर टोपी डोळ्यांवर घसरते. ५२ ला ३.१४ ने भाग, साडेसोळा येतात. चकती साडेसोळा सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणं थांबव आणि सरळ खाली उतर. मध्यम लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई असेल तर हे साधारण ७२ खांबांवर येतं. साधारण म्हणते, कारण तुझा हात घट्ट आहे की सैल हे मला इथून कसं कळणार? त्यासाठी आधी १० सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विण, धू, वाळव आणि मग टाके मोज. नमुना न विणता सुरू करणारे लोक मी ओळखते. त्यांच्यापैकी एकीचं पत्र तू वाचते आहेस. शेवटी धाग्याचं टोक वीतभर तरी ठेव आणि ते एका दिशेने ओवून मग उलट फिरव. एकाच दिशेने ओवलेलं टोक चार धुण्यांत बाहेर डोकावतं.

शिवणाचं थोडक्यात सांगते, कारण मशीनवर तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. बेतायच्या आधी कापड धू. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच आटू शकतं. ४० सेंटिमीटरच्या उशीच्या अभ्र्यात दीड-दोन सेंटिमीटर गेले, की उशी मावत नाही आणि दोष शिवणाऱ्यावर येतो. सुई बदल. पाकिटावर ९०/१४ असं असतं, त्यातले ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडी. साध्या सुतीला ती चालते, जीन्सला १०० नंबर लाव, आणि टी-शर्टसारख्या कापडाला गोल टोकाची घे, नाहीतर धागे तुटून भोकं पडतात. पिशवीचा बंद जिथे जोडतेस तिथे चौकोनी टीप मारून आत फुली मार. सगळं वजन तिथेच येतं.

आता त्या २५ टोप्या.

एकदा आम्ही सात-आठ जणींनी मिळून केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी साठ टोप्या विणल्या. वर गोंडे, बाजूला मणी, आणि लोकर अशी की हातात घेतल्यावर ऊब जाणवावी. रुग्णालयातल्या बाईंनी पिशवी उघडली, दोन टोप्या हातात घेतल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘यातल्या फार थोड्या वापरता येतील.’ केस गेलेल्या टाळूची कातडी किती नाजूक असते याचा आमच्यापैकी एकीनेही विचार केला नव्हता. लोकर टोचते, मणी रुततात, कुशीवर झोपलं की गाठही लागते. हवी होती ती मऊ सुताची, आतून एकही गाठ नसलेली साधी टोपी. साठातल्या अकरा ठेवल्या गेल्या. बाकीच्या परत आणताना पिशवी जास्तच जड लागत होती.

तेव्हापासून मी आधी फोन करते. तुम्हाला काय हवं, किती हवं, कोणत्या मापाचं, कसं धुतलं जाणार, आणि कधी आणून देऊ? काही ठिकाणी उत्तर येतं, ‘टोप्या पुष्कळ आल्यात, मोजे असतील तर बघा.’ मग मोजे विणावेत, जरी मोज्यांचा कंटाळा आला तरी. मला येतो. टाच वळवताना दर वेळी येतो.

नुसत्या उत्साहाचं काय होतं ते २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या वेळी दिसलं. पोरक्या झालेल्या कांगारूंच्या पिल्लांसाठी कापडी पिशव्या हव्यात, अशी हाक तिथल्या स्वयंसेवकांनी दिली. जगभरातून इतकं येऊन पडलं, की शेवटी त्यांनाच आता थांबा म्हणावं लागलं. पण त्या पिशव्यांची मागणी मात्र शिकण्यासारखी होती. आतलं अस्तर सुती हवं आणि आत कापडाची कच्ची कड राहायला नको, कारण सुट्या धाग्यांत पिल्लाची नखं अडकतात. वापरणाऱ्याच्या नखापर्यंत जाऊन केलेला विचार होता तो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस विणायची सुरुवात डेन्मार्कमध्ये २०१३ साली झाली. बाळाने नळ्या ओढण्याऐवजी ऑक्टोपसचे पाय धरावेत, अशी त्यामागची कल्पना. त्यालाही नियम आहेत: निव्वळ सुती धागा, ६० अंशांच्या पाण्यात धुता येईल असा, वीण इतकी दाट की आतलं भरण दिसता कामा नये, आणि पाय ताणून २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, म्हणजे ते बाळाच्या मानेभोवती गुंडाळले जाणार नाहीत. तरीही प्रत्येक रुग्णालय ते घेतंच असं नाही. विचारल्याशिवाय एकही विणू नकोस.

एकटीने २५ टोप्या करण्यापेक्षा मैत्रिणींना घेऊन एक मोठं पांघरूण कर, हे मला जास्त पटतं. प्रत्येकीने १५ सेंटिमीटरचे चौकोन विणायचे. ही वाटणी नवी नाही. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा बायकांनी क्रोशाची लेस विणून घरं चालवली. कुणी फक्त गुलाब विणायचं, कुणी फक्त पानं, आणि तिसरीच कुणी ते सगळं जाळीवर जोडायची. तुमच्यात जोडणारी एकच असू दे, आणि तिला एक अधिकार द्या: चौकोन १४ चा आला तर तो परत पाठवायचा. मैत्री टिकते, फक्त दोन दिवस जरा गार होते. लोकर मात्र एकदमच घ्या आणि पट्टीवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, जुळवून घ्या. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानात दिसत नाही, पांघरूण अंथरलं की लगेच दिसतो.

दिलेल्या प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी जोड. धागा कशाचा आहे, पाणी गार की कोमट, इस्त्री चालेल की नाही. उरलेल्या धाग्याची छोटी लडीही दे, म्हणजे कुठे उसवलं तर सांधता येईल. किती तास लागले ते लिहू नकोस. आणि नंतर कुणाच्या घरी गेलीस की तो मफलर कुठे आहे म्हणून खुंट्या शोधू नकोस. दिला, संपलं. हे मला अजून नीट जमत नाही, नजर जातेच.

बहिणीचं ते आटलेलं पांघरूण तिने टाकलं नव्हतं. पाच-सहा वर्षांनी तिनेच ते मला परत दिलं. नमदा झालेली लोकर कापली तरी धागे सुटत नाहीत, त्यामुळे त्यातून बरंच काही निघालं: भाच्याला घरात घालायचे सपाते, एक चष्म्याचं घर, टाचण्यांची गादी. शेवटचा तुकडा उरला होता, कोपऱ्यातल्या एका फुलासकट. त्याची कात्रीसाठी म्यान शिवली आहे, ती या पत्रासोबत पाठवते. टोकाकडे दोन टिपा जास्त मारल्या आहेत, तुझी कात्री लांब आहे हे माझ्या लक्षात आहे. धुवायची वेळ आली तर गरम पाण्यात खुशाल टाक. तिला आता काही होत नाही.

तुझी,
मावशी