"पीटर असा नाहीच आहे!"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेला आठवीतला मुलगा. ओंकार म्हणू या. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याने वर्गातल्या एका मुलाला मारलं होतं, आणि तेही एखादी ठेवून दिली असं नव्हे. तो पोरगा खाली पडल्यावरही हा थांबेना. पी. टी.चे सर मध्ये पडले म्हणून निभावलं.

"मॅडम, घरी मुंगीलाही दुखवत नाही हो हा," आई म्हणाली. "मग खरा कोणता? की हे सगळं त्या सुपरहिरोंच्या सिनेमांनी केलंय?"

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. मुलं बघून शिकतात, यात वाद नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली मोठ्या माणसाला बाहुली बडवताना लहान मुलांना दाखवलं, तर नंतर मुलांनीही ती बडवली. पण ओंकारचे सिनेमे पाच वर्षं चालू होते, मारामारी एकदाच झाली. त्या एकदाचं कारण दुसरीकडे होतं.

आजी जूनमध्ये गेली होती. रोज काठी टेकत त्याला न्यायला शाळेच्या फाटकाशी यायची. त्या मुलाने मधल्या सुट्टीत तिच्या चालण्याची नक्कल केली.

हे आईने सांगितलं. ओंकार दोन भेटी गप्पच. दप्तराला स्पायडरमॅनचं कीचेन होतं, म्हणून सहज विषय काढला, तर उसळून म्हणाला, "'नो वे होम'मध्ये त्याला चुकीचं दाखवलंय. पीटर असा नाहीच आहे!"

२०२१चा तो सिनेमा मी पाहिला नव्हता. त्या रात्री पाहिला. (आमच्या धंद्यात गृहपाठ आम्हालाच असतो.) पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला, वाढवणारी मे काकू त्याला सांगते, दुसऱ्या विश्वांतून आलेल्या या शत्रूंना तिकडे मरायला परत पाठवू नकोस, बरं कर. त्यांच्यातलाच ग्रीन गॉब्लिन तिचा जीव घेतो. मग स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी पीटर त्याला बेभान होऊन मारतो आणि त्याचंच उडतं ग्लायडर त्याच्या छातीत खुपसायला उचलतो. दुसऱ्या विश्वातला, वयाने मोठा पीटर मध्ये येऊन ते धरून ठेवतो.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, "मला तर तो पीटरच वाटला. १९६२च्या पहिल्या कॉमिकमध्येही बेन काकांच्या खुन्यामागे तो असाच पेटून धावतो. आणि तो चोर कोण निघतो? ज्याला यानेच आधी सोडून दिलं होतं. त्याचा निम्मा राग स्वतःवर असतो."

ओंकार बराच वेळ कीचेन फिरवत बसला. मग म्हणाला, "मीच आजीला सांगितलं होतं, शाळेत येऊ नकोस म्हणून. मुलं हसायची."

हे आईलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्ही फक्त आजीबद्दल बोललो.

नंतर मी पुन्हा पीटरवर आले. "शेवटी थांबला ना तो?"

"थांबवला त्याला. दुसऱ्याने धरलं होतं."

"मनात आणलं असतं तर रेटलं असतं त्याने."

"मॅडम, दुसरापण तेवढाच ताकदवान आहे!"

मी हरले. खरंच होतं त्याचं. पण तोच पुढे म्हणाला, "त्यानंतर गॉब्लिन त्या मोठ्या पीटरला पाठीत भोसकतो. तेव्हा याला कोणीच धरलेलं नसतं. तरी हा त्याला औषधच टोचतो."

मी याहून नेमकं सांगू शकले नसते. ग्लायडर उचलणारे आणि औषध टोचणारे हात एकाच मुलाचे होते. आईच्या "खरा कोणता"ला माझं उत्तर हेच: दोन्ही. पहिले हात पाहून हादरायला होतं हे मान्य, पण दुसऱ्यांची वाट बघा. सिनेमे बंद करू नका, एखादा त्याच्याशेजारी बसून बघा. मारणं पुन्हापुन्हा होऊ लागलं, मुक्या जनावरांवर हात पडू लागला किंवा केल्याचं काहीच वाटेनासं झालं, तर मात्र थांबू नका, लगेच या.

त्या मुलाची माफी त्याने आधीच मागितली होती, मुख्याध्यापकांच्या खोलीत, सांगितली म्हणून. ती पुन्हा मागायची का, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

निघताना दाराशी थबकला. "सरांचा चष्मा वाकला होता माझ्यामुळे. मला धरताना." आणि बाहेर जाऊन आईला विचारू लागला, काडी बदलायला किती पैसे पडतात.