सीआरपी वाढलाय आणि मन उदास आहे. दाह कमी केला तर डिप्रेशन जाईल का?

वर्षभर उदास वाटतंय, थकवा हटत नाही आणि सीआरपी (शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, असली की रक्तात वाढणारं प्रथिन) ७ आलाय, असं तुम्ही लिहिलंय. आधी रिपोर्टवरचं एकक बघा. लिटरमागे ७ मिलिग्रॅम म्हणजे थोडा वाढलेला. डेसिलिटरमागे ७ असेल तर तो लिटरमागे ७० झाला. मग मनाचं नंतर, आधी फिजिशियन गाठा.

थोडा वाढलेला असेल तरी एका आकड्यावर जाऊ नका. सर्दी-ताप, दाढदुखी, काहीही त्याला चढवतं. दोन-तीन आठवड्यांनी, अंगात ताप-खोकला नसताना पुन्हा तपासा. तेव्हाही ३ च्या वर राहिला तर कारण शोधा: हिरड्यांचा आजार, पोटावरची चरबी, सिगारेट, सांधेवात. गर्भनिरोधक गोळ्यांनीही सीआरपी वाढतो, पण त्या चालू आहेत का हे बरेचदा कुणी विचारतच नाही.

दाह आणि डिप्रेशनचा संबंध मात्र खरा आहे. हेपटायटिस सी वर पूर्वी इंटरफेरॉन अल्फाची, म्हणजे दाहाचा संदेश नेणाऱ्या प्रथिनाची, इंजेक्शनं देत. ती सुरू झाल्यावर साधारण चारांतल्या एकाला काही महिन्यांत डिप्रेशन यायचं, आधी मन ठणठणीत असलेल्यांनाही. दाहाचे संदेश नेणारी सायटोकाइन्स आयडीओ नावाचं एन्झाइम चेतवतात. मग ट्रिप्टोफॅन (ज्यापासून सेरोटोनिन बनतं ते अमायनो आम्ल) जास्त प्रमाणात कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्या पदार्थाच्या वाटेला लागतं आणि त्यातून पुढे चेतापेशींना जाचणारं क्विनोलिनिक आम्ल तयार होतं. उत्साह आणि रस जागवणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनावरही परिणाम होतो. म्हणून अशा वेळी रडू येण्यापेक्षा अंग गळून जाणं, कशातच रस न वाटणं जास्त दिसतं.

पण दाह दाबला की मन सुधारलं, इतकं ते सरळ नाही. गोळ्यांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाह दाबणाऱ्या औषधाचा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला: सरसकट बघितलं तर नुसत्या सलाइनपेक्षा फायदा नाही. सीआरपी ५ च्या वर असलेल्यांचा कल सुधारणेकडे होता, कमी असलेल्यांना उलट सलाइनच बरं पडलं.

त्यामुळे स्वतःच्या मनाने आयब्युप्रोफेनसारखी दाह कमी करणारी वेदनाशामक गोळी सुरू करू नका. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन ही डिप्रेशनची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. स्टेरॉइड तर मूड स्वतःच बिघडवू शकतं. चालू असलेली डिप्रेशनची गोळी रिपोर्ट बघून बंद करू नका.

थकव्यासाठी थायरॉइड आणि लोह तपासून घ्या. फक्त, दाह असताना फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) वाढतं, त्यामुळे लोह कमी असूनही ते नॉर्मल दिसू शकतं. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते दाखवणारी तपासणी) करायला सांगा.