‘काजळी’ म्हणावे की ‘कार्बनचे कण’?

प्रश्न असा आहे: डिझेल इंजिनावरील मराठी मजकुरात, उच्च तापमानाला हायड्रोकार्बन इंधनापासून तयार होणाऱ्या काळ्या कणांना ‘काजळी’ म्हणावे, की हा शब्द कंदिलाच्या काचेपुरता मानून ‘कार्बनचे कण’, ‘धूर’ किंवा ‘राख’ लिहावे?

माझ्या मते ‘काजळी’च लिहावे. शंका येते ती आपल्या क्रियापदांमुळे. काजळी धरते, बसते, साचते. ही सगळी ती पृष्ठभागावर आल्यानंतरची बोली झाली. प्रत्यक्षात ती ज्योतीतच तयार होते. इंधनाच्या वाफेला जिथे प्राणवायू पुरत नाही, तिथे हजार अंश सेल्सिअसच्या वर तिचे रेणू तुटून ॲसिटिलिनसारखे लहान रेणू होतात, त्यांतून बेंझिनची कडी जुळते, कडीला कड्या लागत मोठे सपाट रेणू बनतात आणि ते एकत्र येऊन झालेले सूक्ष्म कण काही दहा नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) वाढून माळेसारखे एकमेकांना चिकटतात. मेणबत्तीचा पिवळा उजेड या तापलेल्या कणांचाच असतो. त्या पिवळ्या भागात थंड चमचा धरला की लगेच काळा पडतो. संथ ज्योतीच्या बराच वर धरला तर जवळजवळ स्वच्छ राहतो, कारण बहुतेक काजळी बाहेर पडण्यापूर्वीच जळून जाते. म्हणून ‘काजळी तयार होणे’ आणि ‘काजळी धरणे’ हे प्रयोग वेगळे ठेवावेत.

‘कार्बनचे कण’ चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण नव्या काजळीत हायड्रोजनही असतो. ‘धूर’ तर फारच सैल; डिझेल गाडीचा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाच्या थेंबांचाही असू शकतो.

अडचण आहे ती जुन्या अर्थाची. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात अविवेकाची काजळी फेडून विवेकदीप उजळण्याची गोष्ट आहे. तिथे वातीच्या टोकावरचा जळका थर अभिप्रेत दिसतो. तो थर वाफेतून येत नाही, वात आणि तेल जागीच कोळसून होतो, तेव्हा तांत्रिक लेखनात त्याला ‘वातीवरचा कोळसा’ म्हणणे बरे.

‘राख’ मात्र मुळीच नको. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमधील फिल्टरमध्ये साचलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जाळून टाकता येते. इंजिन ऑइलमधील धातुयुक्त घटकांची राख जळत नाही, ती तिथेच उरते आणि शेवटी फिल्टर काढून साफ करावा लागतो. माहितीपुस्तिकेत या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर मेकॅनिकने नेमके काय करायचे?