गाडी ८० हजार किलोमीटर झाली, आता जाड ऑइल टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० दिलंय, पण मेकॅनिक म्हणतो, "८० हजार झाले, आता २०डब्ल्यू-५० टाका." मॅन्युअलचं ऐका. मी एकदा मेकॅनिकचं ऐकून बसलोय.

माझी पेट्रोल गाडी जुनी झाली तेव्हा मीही जाडच ऑइल टाकलं. चालवताना इंजिन मऊ वाटायचं, आवाजही कमी, त्यामुळे मी खूश. पण रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की दोन-तीन सेकंद टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) कटकट यायची आणि मग शांत व्हायची. तेवढा वेळ वर इंजिनाच्या हेडपर्यंत ऑइल पोचतच नव्हतं. पुढच्या ऑइल चेंजला मुकाट्याने ५डब्ल्यू-३० वर आलो आणि कटकट थांबली.

यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती जाड राहतं ते सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं एकक), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. आणि "५डब्ल्यू म्हणजे पाण्यासारखं पातळ" ही भीती तर सोडूनच द्या. ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशाला साधारण ६० सेंटिस्टोक असतं, म्हणजे गरम असतानाच्या जवळपास सहापट जाड. थंड इंजिनात जाडपणा कमी पडत नाही, उलट जास्तच होतो. शिवाय बेअरिंगमधल्या फटी आणि ऑइलच्या दाबावर चालणारं व्हॉल्व्ह टायमिंग हे सगळं कंपनीने ठरवलेल्या ग्रेडवर बेतलेलं असतं.

नुसता ग्रेड जुळवून भागत नाही, डब्यामागचं बारीक अक्षरही वाचा. मॅन्युअलने एपीआय एसएन (ऑइलच्या दर्जाची एक श्रेणी) मागितलं असेल तर एसपी चालतं, ते नंतरचं आहे (२०२० पासूनचं). टर्बो पेट्रोलला तर एसपीच बरं. सिंथेटिक की मिनरल, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मॅन्युअलमधला ग्रेड आणि स्पेसिफिकेशन डब्यावर असेल तर मी त्यात पडत नाही.

इंजिन ऑइल खात असेल तर गोष्ट थोडी वेगळी. मॅन्युअलमध्ये पर्याय म्हणून ५डब्ल्यू-४० दिलेलं असेल तर तेवढी एक पायरी चढायला हरकत नाही, पण आधी गळती आणि व्हॉल्व्ह सील तपासून घ्या. ऑइल काळं झालं म्हणून मात्र घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे भरू नका. इंजिनातला फिरणारा क्रँक ते घुसळून फेस करतो.

गाडी पेट्रोल की डिझेल, ते तुम्ही लिहिलेलं नाही. डिझेल असून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, म्हणजे मॅन्युअलमध्ये सांगितलेलं सी३ वगैरे ऑइलच घ्या. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती जाळून निघत नाही.