ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा आणि किंडरगार्टन: एक वर्ष थांबावे का?

कॅलिफोर्नियातील एका आईने विचारले आहे की, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाच वर्षांच्या होणाऱ्या मुलाला यंदाच किंडरगार्टनमध्ये घालावे की एक वर्ष थांबावे. तो घरी मराठीत अखंड बोलतो, पण प्रीस्कूलमध्ये वर्षभर जवळजवळ गप्प राहिला. वर्गात सगळ्यांत लहान राहिला तर तो कायमचा मागे पडेल, अशी भीती त्यांना वाटते.

तुमच्या राज्यात १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळतो, त्यामुळे तुमच्या मुलाच्या शेजारी बसणारे मूल त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठे असू शकते, आणि त्या वयात अकरा महिने थोडे नसतात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१८ साली आलेल्या एका अभ्यासात, हीच तारीख पाळणाऱ्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) निदान होण्याचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. आपले मूल एका जागी पाच मिनिटेही बसत नसेल, तर आईवडिलांनी ही गोष्ट जरूर विचारात घ्यावी. तुमची काळजी मात्र वेगळी आहे, ती त्याच्या गप्प राहण्याची आहे.

घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेली पुष्कळ मुले आधी काही महिने नुसती ऐकतात. तुमचा मुलगा आजीला फोनवर दिवसभराची हकिगत क्रमाने सांगत असेल, 'का' आणि 'मग काय झालं' विचारत असेल, तर त्याच्या भाषेत काही उणे नाही. त्याला इंग्रजी ऐकायला आणि बोलायला माणसे हवीत, आणि घरी काढलेल्या वर्षात नेमकी तीच मिळणार नाहीत. याउलट मराठीतही त्याचे बोलणे परक्या माणसाला कळत नसेल किंवा वाक्ये तुटत असतील, तरीही थांबणे हा उपाय नव्हे. तीन वर्षांवरील मुलाची तपासणी स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने, विनामूल्य करावी, असा अमेरिकेतील कायदा आहे. त्यासाठी लेखी विनंती करा आणि तपासणी मराठीतूनही व्हावी, असे त्यात स्पष्ट लिहा. इंग्रजी येत नसणे म्हणजे वाणीदोष नव्हे, हे आपणच ठामपणे सांगावे लागते.

माझी मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा पहिला आठवडाभर डबा तसाच परत येत होता. ती भाषेमुळे बुजली आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात डब्याचे झाकण तिला उघडत नव्हते आणि ते कोणाला सांगावे हे कळत नव्हते. पोळीचा रोल आत, आणि ती उपाशी! म्हणून अक्षरओळखीपेक्षा मी या गोष्टी आधी पाहीन: जॅकेटची चेन लावणे, स्वच्छतागृहात एकट्याने जाणे आणि मदत हवी असेल तर बाईंचा हात धरून तरी ती मागणे.

थांबायचेच असेल, तर ते वर्ष कुठे आणि कोणाबरोबर जाणार, हे आधी ठरवा. आजी-आजोबा येतील, असे आपण सहज म्हणतो, पण पर्यटक व्हिसावर साधारणपणे एका खेपेस सहा महिनेच राहता येते. ट्रान्झिशनल किंडरगार्टनचा, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गाचा, पर्याय आहे, परंतु पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिथे घ्यायचे की नाही, हे डिस्ट्रिक्ट ठरवते. पुढच्या वर्षी त्याला किंडरगार्टनमध्येच बसवतील की थेट पहिलीत, हेही लेखी विचारून घ्या. न्यू यॉर्क शहरात वर्ग जन्मवर्षावरून ठरतो, त्यामुळे एक वर्ष थांबूनही मूल किंडरगार्टनमध्येच बसेल, असे तिथल्या पालकांनी तर गृहीत धरूच नये.

तुम्ही लिहिले आहे त्यावरून मी त्याला यंदाच पाठवीन. शाळा सुरू होण्यापूर्वी बाईंना भेटून सांगा की तो मराठीत भरपूर बोलतो, आणि 'पाणी', 'दुखतंय', 'शू' हे त्याचे शब्द इंग्रजी लिपीत लिहून त्यांच्या हाती द्या.